सासऱ्यांच्या माशाला मी आणलेला पूर

माझ्या सासऱ्यांनी एकोणीस वर्षांत माझ्या भरवशावर एकच जीव सोडला, आणि तो मासा होता. मुलगी दिली हे खरं. पण ती मी सांभाळावी म्हणून नव्हे, तर तिनं मला सांभाळावं म्हणून दिली, असं ते चारचौघांत सांगतात आणि माझी बायको त्यावर मान डोलावते.

सासरे लातूरचे, निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात. मात्र ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात त्यांनी नोकरीभर नापास पोरांना 'या साहेब, या' म्हटलेलं असणार. दोष त्यांचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्या हॉलचा पंखा दुरुस्त केला होता. पंखा सुरू झाला, पण उलटा. खाली बसलेल्या पाहुण्यांना घाम आणि छताला गार वारं. तेव्हापासून मी त्या घरात गेलो की मामी हळूच पान्हा आणि पेचकस स्वयंपाकघरातल्या कपाटात टाकतात.

मासा म्हणजे ओरांडा जातीचा गोल्डफिश. डोक्यावर लाल फेटा बांधल्यासारखा मांसल गोळा, पोट सुटलेलं, मागं पायघोळ शेपूट. चालसुद्धा सावकाश, जेवणाच्या पंगतीकडं निघालेल्या पाटलासारखी. मामा निवृत्त झाले त्या वर्षी आणलेला. आता आठ वर्षांचा. रोज सकाळी साडेसातला मामा टँकचं झाकण उघडून पाण्यात दोन बोटं धरायचे आणि मासा वर येऊन त्यांच्या बोटांतून दाणा घ्यायचा. मामी म्हणायच्या, "मला उभ्या जन्मात एक घास भरवला न्हाई यांनी."

तर झालं असं, की मामांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन पुण्याला थोरल्या मुलाकडं करायचं ठरलं. नेमकं त्याच वेळी आमच्या नांदेडच्या ऑफिसनं मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला लातूरला पाठवलं. घर रिकामं, मासा एकटा, जावई फुकटात हजर. मामांपुढं दुसरा इलाज नव्हता. जाताना त्यांनी टँकशेजारी सूचनांचा कागद चिकटवला. दाणे किती, दिवा कधी, पाणी कधी बदलायचं, सगळं फळ्यावरच्या अक्षरात. शेवटची ओळ लाल शाईत, खाली दोन रेघा मारून: 'कसलीही सुधारणा करू नये.'

ऑटोत बसताना मामा माझा हात धरून म्हणाले, "जावईबापू, तेवढा मासा." मामांनी माझ्याजवळ आजवर काही मागितलं नव्हतं. मनात म्हटलं, पंख्याचा डाग धुऊन काढायची हीच संधी. नुसता सांभाळायचा नाही, दिला होता त्याहून चांगला करून परत द्यायचा.

इथंच गाडी घसरली.

प्रशिक्षण साडेपाचला संपायचं. पुढं संध्याकाळभर मी, मासा आणि मोबाइल. मोबाइलवर माशांच्या टँकचे व्हिडिओ बघत सुटलो. चौथ्या दिवशी मी तज्ज्ञ झालो होतो. कळलं ते असं: टँकमध्ये पाणी खेळतं राहिलं पाहिजे. नाहीतर कुठंतरी पाणी साचून मरतं, त्या जागेला 'डेड स्पॉट' म्हणतात, तिथं घाण बसते. पाणी खेळवायला 'वेव्ह मेकर' नावाचा छोटा पंखा मिळतो; तो चुंबकानं काचेला आतून चिकटतो आणि पाणी ढकलतो. पंखा हा शब्द ऐकूनच मी सावध व्हायला हवं होतं.

मामांच्या टँकमध्ये एक दगडी किल्ला होता, आपल्या कंधारच्या किल्ल्यासारखा, नुसता बुरूज आणि खिडक्या. त्याच्यामागं खरंच घाणीचा ढीग होता. म्हणजे माझं निदान चुकलं नव्हतं. ते एवढं एक वगळून पुढचं सगळं चुकलं.

शनिवारी नांदेडला घरी गेलो आणि विष्णुपुरीच्या रस्त्याला माशांचं एक दुकान आहे तिथं शिरलो.

"टँक केवढा हाय?" दुकानदारानं विचारलं.

"चांगला मोठा आहे."

"लांबी-रुंदी?"

मी दोन्ही हात पसरून दाखवले. मग कमी वाटले म्हणून आणखी पसरले.

"मासा कंचा?"

"ओरांडा."

"मग हे घ्या, बारकं. त्यो आळशी मासा हाय, त्याला जास्त रेटा सहन व्हत न्हाई." त्यानं लिंबाएवढं काहीतरी काउंटरवर ठेवलं.

आता मी कुठल्या घरातला, हे सांगायला पाहिजे. आमचं गाव कंधार तालुक्यात. विहिरीचं पाणी दर उन्हाळ्याला खाली जायचं आणि दर उन्हाळ्याला आमच्या घरी आधीच्यापेक्षा मोठी मोटार यायची. पाणी जितकं कमी तितकी मोटार मोठी, हे आमच्या घराण्याचं शास्त्र. आमच्याकडं लहान मोटार घेणाऱ्याच्या घरी लोक मुलगी देत नाहीत. लिंबाएवढी वस्तू घेऊन मी लातूरला कुठल्या तोंडानं जाणार? मी वरच्या फळीकडं बोट केलं.

"ते?"

"साहेब, ते समुद्राच्या माशाचं हाय."

"द्या. आमचे सासरेही काही लहान माणूस नाहीत."

रविवारी संध्याकाळी लातूरला पोचल्या पोचल्या बाह्या सरसावल्या. कुठं लावायचं हा विचार मी केलाच नाही, कारण मोटार तळाशी असते हे लहानपणापासून माहीत. पाणी खाली गेलं तरी मोटार उघडी पडायला नको! टँकचं पाणी उन्हाळ्यात दहा हात खाली जात नाही, हे त्या क्षणी डोक्यात आलं नाही. तळाला, खड्यांना टेकवून लावलं, वेगाची कळ पूर्ण फिरवली आणि बटण दाबलं.

किल्ल्यामागची घाण तर निघालीच, पण मामांच्या निवृत्तीपासून त्या तळाला जे जे निवांत बसलं होतं ते सगळं एकदम वर आलं. बारके खडे काचेवर गारांसारखे वाजायला लागले. पाणी चहाच्या रंगाचं झालं. गोदावरीला पूर आल्यावर विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा मी गर्दीत उभा राहून फोटो काढलेत; घरात दरवाजे उघडायची वेळ पहिलीच. मासा दिसेना. मध्येच काचेपाशी लाल फेटा चमकायचा आणि पुन्हा पुरात गडप.

बंद केलं. पण गढूळ पाणी काही बटणानं निवळत नाही. सकाळी साडेसातला पुण्याहून व्हिडिओ कॉल. मी लातुरात असलो की रोजचा नेम होता. मामांना मासा बघितल्याशिवाय चहा जायचा नाही. मी फोन टँकसमोर धरला.

"पाणी गढूळ दिसायलंय का हो?"

आणि मी, शिकलेला माणूस, बोलून गेलो, "पाणी स्वच्छ आहे मामा. तुमचा मोतीबिंदू."

मग मामा हळू आवाजात म्हणाले, "एवढा वाढला व्हय? परवा तर बरं दिसत व्हतं."

दिवसभर प्रशिक्षणात माझं लक्ष लागलं नाही. पण पश्चात्तापाचा अर्थ माझ्या डोक्यात असा निघाला, की यंत्र काढायचं नाही, नीट लावायचं. संध्याकाळी पाणी निवळल्यावर ते तळावरून काढलं, डाव्या काचेच्या बरोबर मधोमध लावलं, तोंड सरळ समोर. खडे हलेनात. मी खूश. मात्र मासा निघाला. डावीकडून उजवीकडं, उजव्या काचेवरून वळून मागच्या बाजूनं परत डावीकडं आणि पुन्हा पुढं. तो पोहत नव्हता, त्याला नेलं जात होतं. शेपूट पुढं आणि फेटा मागं अशाही दोन फेऱ्या झाल्या. मला वाटलं, व्यायाम होतोय. पोट सुटलंच होतं.

सकाळी पुन्हा फोन. मामा बराच वेळ निरखून म्हणाले, "ह्यो सारखा डावीकडूनच येतोय. उजवीकडून माघारी कवा येतो?"

"मागच्या अंगानं, मामा."

"आज लईच तरतरीत दिसायला."

मागून मामींचा आवाज आला, "तुम्ही न्हाईत म्हणून सुखात हाय ते लेकरू."

मी ते प्रशस्तिपत्र समजलो. त्याच दिवशी बायकोचा नांदेडहून फोन आला.

"अहो, हा घूं-घूं आवाज कसला?"

"फ्रिजचा."

"माझ्या माहेरचा फ्रिज मला माहीत आहे. काय करून राहिलात तुम्ही तिथं?"

"काही नाही. मासा बघतोय."

"नुसते बघा," ती म्हणाली. "हात खिशात घालून बघा."

हात खिशात ठेवले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्याच संध्याकाळी एक व्हिडिओ बघितला: दोन वेव्ह मेकर समोरासमोर लावले की दोन्ही प्रवाह मध्ये भिडतात, पाणी एका दिशेनं पळत नाही, समुद्रासारखं हिंदकळतं. वा! मग मासा गोल फिरणार नाही. मी लातूरच्या बाजारातून तेवढ्याच ताकदीचा दुसरा आणला आणि उजव्या काचेला लावला. डावीकडं नांदेडचा, उजवीकडं लातूरचा. आता या दोन गावांना एकमेकांसमोर उभं करून मध्ये काही शांत राहील, असं मराठवाड्यात जन्मलेल्या माणसानं समजणं म्हणजे कमाल झाली. नवं महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला यावर इकडची आणि तिकडची माणसं लग्नाच्या पंगतीत ताट सोडून उठलेली मी बघितली आहेत. ही तर नुसती यंत्रं.

बटण दाबलं. दोन्ही प्रवाह मधोमध भिडले आणि कुणीच हटेना म्हणून पाणी सरळ वर उसळलं. भिंतीवरच्या मामांच्या मानपत्राच्या काचेवर शिंतोडे, सोफ्यावर शिंतोडे, माझ्या चष्म्यावर शिंतोडे. चष्मा पुसून बघतो तर मासा गायब. बंद करून वाकून शोधला. तो किल्ल्याच्या मागं, अगदी कोपऱ्यात, काचेला अंग लावून बसला होता. पाणी जिथं हलत नाही म्हणून मी एवढा खटाटोप मांडला होता, ती अख्ख्या टँकमधली एकच जागा त्याला उरली होती. शेपटीची कड फाटून झिरमिळ्या झाल्या होत्या.

तेव्हा मात्र माझं हसू आटलं.

सकाळी दाणे टाकले. आला नाही. पाण्यात दोन बोटं धरली, मामा धरतात तशी. त्यानं बघितलं आणि आणखी आत सरकला. दुसऱ्या दिवशीही तेच. मामांचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर पट्टी होती, त्यामुळं व्हिडिओ नव्हता, नुसता फोन.

"जेवला का?"

"जेवला, मामा."

"हातातून?"

"हो."

मामा खूश होऊन म्हणाले, "माणूस वळखायला लागला म्हणायचा तुम्हाला." मग आवाज खाली करून, "तुम्ही म्हणलात ते डॉक्टरला सांगितलं बरं का. की पाणी एकाएकी गढूळ दिसायलंय. त्यांनी ऑपरेशन दोन दिवस पुढं ढकलून डोळा पुन्हा तपासला. म्हणले, तसं काही न्हाई. पण माझ्या मनात धाकधूक व्हती."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ टँकसमोरच्या स्टुलावर बसून होतो. मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या डोळ्यांबद्दल घाबरवलं होतं आणि त्याचा मासा उपाशी मारत होतो. पुढच्या आठवड्यात शनिवारी ते परत येणार होते.

त्या दिवशी प्रशिक्षणाला दांडी मारली आणि ज्या दुकानातून दुसरं यंत्र आणलं होतं तिथं गेलो. मालक म्हातारे होते, मेंदी लावलेली दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. मी काहीही न लपवता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पान गालाला सारलं आणि म्हणाले, "साब, कायकू इत्ता मारे पानी? दुश्मनी है क्या मछली से?"

"नाही हो. सासऱ्यांचा मासा आहे."

"तो ससुरे से होगी." दुकानातल्या दोघांनी तोंडं फिरवली. मग चाचा समजुतीच्या सुरात बोलले, "देखो, पानी घुमना, मछली नै घुमना. ये लंबी दुम वाली है. इसकू तालाब होना, नदी नक्को."

त्यांनी लिंबाएवढं यंत्र काढलं. नांदेडच्या दुकानदारानं काढलं होतं तसलंच. टँकमध्ये ते कसं बसवायचं हे त्यांनी रिकाम्या काचेच्या पेटीत हात घालून दाखवलं. वर लावायचं, पाण्याच्या पातळीच्या थोडं खाली. तोंड माशाकडं नाही, मागच्या काचेकडं, म्हणजे धार काचेवर आपटून मोडते आणि मग टँकभर पसरते. वेग सगळ्यात कमी. एक कोपरा मुद्दाम शांत ठेवायचा, त्याला टेकायला. "और दाना पीस के डालो, आटे सरीखा. वो बताएगा पानी किधर जारा. कहीं रुकना नै, कहीं भागना नै."

"आणि मासा जेवेल?"

"डर निकला तो खाएगा," चाचा म्हणाले. "तुम हाथ मत डालो दो दिन."

माझ्याबद्दल एकाच आठवड्यात दोन माणसांचं एकच मत.

घरी येऊन दोन्ही राक्षस काढले, पुसून पिशवीत भरले. लहान यंत्र वर लावलं. चिमूटभर दाण्यांचं पीठ पाण्यात सोडलं आणि स्टुलावर बसून बघत राहिलो. पहिल्यांदा पीठ उजवीकडं पळालं; यंत्र बोटभर वळवलं. मग किल्ल्याच्या पुढं थबकलं. थोडं वर घेतलं. पुन्हा पीठ, पुन्हा बोटभर. शेवटी ते कण सगळीकडून असे फिरायला लागले की फिरतात की नुसते तरंगतात हे सांगता येईना. किल्ल्यामागं जाऊन, तिथली धूळ हळूच उचलून फिल्टरकडं निघाले. कोपरा मात्र शांत. एवढं साधं होतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी एक पूर आणि एक रणधुमाळी केली होती.

दोन दिवस टँकमध्ये हात घातला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मासा किल्ल्याबाहेर आला, तळाचा एक दाणा तोंडात घेऊन थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला. मी टाळ्या वाजवल्या, तसा तो परत आत पळाला. शेपूट मात्र फाटलेलीच.

शनिवारी मामा-मामी आले. माझ्याजवळ वाक्य तयार होतं: वयोमानानं शेपूट झिजते. आरशासमोर दोनदा म्हणूनही बघितलं होतं. मामांनी चपला काढल्या, पाणीही न पिता टँकसमोर जाऊन बसले आणि काळा चष्मा कपाळावर सरकवला. नव्या डोळ्यानं त्यांनी मासा पहिल्यांदाच बघितला.

"किती लाल हाय ह्यो," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, इटकरी." मग पुढं वाकले. "शेपूट कशानं फाटली?"

मी तोंड उघडलं. वयोमानानं, एवढंच म्हणायचं होतं. पण मामा त्या डोळ्यानं माझ्याकडं बघत होते, आणि तो डोळा मी खोटा पाडला होता.

"माझ्यानं," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. तळाचा पूर, गोल फेऱ्या, समोरासमोरची लढाई, हातातून जेवल्याची थाप. शेवटी, "आणि मामा, त्या दिवशी तुमचा डोळा ठीक होता. पाणीच गढूळ होतं."

मामी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. "म्हणजे ह्यांनी डॉक्टरचं डोकं खाल्लं ते तुमच्यापायी? तिथं दोन दिवस ह्यांना जेवण गेलं न्हाई!"

मामा काही बोलले नाहीत. मुख्याध्यापक गप्प बसतो तेव्हा काय होतं हे मला शाळेपासून माहीत आहे. मी छडीची वाट बघत उभा राहिलो.

"कुठायत ती?" बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुमची यंत्रं."

मी पिशवी आणून दिली. मामांनी नांदेडचं यंत्र काढलं, उलटंसुलटं फिरवलं, पात्यात बोट घालून बघितलं. मग उठले, टँकचं झाकण उघडलं, बाही न सारता हात पाण्यात घातला आणि यंत्र काचेला टॅक करून चिकटवलं.

"मामा?"

"बघू तर खरं, जोर किती हाय." त्यांचा दुसरा हात कळीवर होता आणि ती पार शेवटपर्यंत फिरवलेली होती; पिन बोर्डात खोचलेली, नुसतं बटण दाबायचं बाकी होतं. लाल शाईत सूचना लिहिणाऱ्या माणसाचा चेहरा नव्हता तो. जत्रेत पाळण्यासमोर उभ्या असलेल्या माणसाचा होता.

मासा किल्ल्याकडं निघाला. मी मामांचं मनगट धरलं. एकोणीस वर्षांत पाया पडण्याखेरीज मी त्यांना हात लावला नव्हता.

"नाही मामा. नको. ह्याला नाही सोसत."

मामांनी माझ्या हाताकडं बघितलं. मामींनी माझ्या हाताकडं बघितलं. मी मात्र सोडला नाही. मग मामांनी कळ हळूहळू उलटी फिरवली, यंत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यांची बाही कोपरापर्यंत ठिबकत होती.

"बरं," ते म्हणाले. वरच्या कोपऱ्यातल्या लिंबाएवढ्या यंत्राकडं बघत त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "मग हे असं तोंड फिरवून कामून लावलंय, ते नीट समजावून सांगा. सावकाश. मी नवा विद्यार्थी हाय."

मी चिमूटभर दाणे घेतले आणि त्यांच्या तळहातावर कुस्करायला लागलो. स्वयंपाकघरातून कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज आला.